आरोग्यातील विषमतेवर संशोधन आणि अध्यापन: सोलापूरच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजाच्या कोणत्या थरात आजार जास्त आणि का, या प्रश्नावर संशोधन-अध्यापन करावे असे वाटणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांसाठी ही उत्तरे आहेत. एमबीबीएस, बीएएमएस, नर्सिंग, समाजकार्य, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कुठूनही आलात तरी चालेल. विद्यार्थी जिथे हमखास अडकतात तिथली उत्तरे लांब आहेत.

या विषयात नेमका अभ्यास कशाचा होतो?

दोन गटांच्या आरोग्यात फरक दिसला की ती लगेच विषमता ठरत नाही. सत्तरीतल्या माणसाला विशीतल्यापेक्षा जास्त आजार असणारच. टाळता आला असता, पण उत्पन्न, जात, लिंग, काम, घर, पाणी, शिक्षण यांच्या वाटणीमुळे टळला नाही, असा फरक आपण शोधतो. या वाटणीलाच आरोग्याचे सामाजिक निर्धारक म्हणतात.

हे फक्त गरिबीपुरते नाही, हे लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासाने दाखवले. तिथे कोणी उपाशी नव्हते आणि सगळ्यांना पक्की नोकरी होती. तरीही हुद्दा एकेक पायरी खाली गेला की हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढत होते, आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही त्यातला बराच फरक उरत होता. या कामाशी जोडलेले मायकेल मार्मट पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक निर्धारकांवरील आयोगाचे अध्यक्ष झाले. आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला, आणि विषयाची ओळख करून घ्यायला आजही तोच सगळ्यात सोयीचा आहे.

मी डॉक्टर नाही. मला या क्षेत्रात जागा आहे का?

आहे. या विषयाला डॉक्टर लागतात तितकेच संख्याशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ लागतात. फक्त दारे वेगवेगळी आहेत. एमबीबीएसनंतर नीट-पीजी देऊन ३ वर्षांचे कम्युनिटी मेडिसिनमधले एमडी केले की मेडिकल कॉलेजातल्या अध्यापनाचा रस्ता उघडतो. इतर पदवीधरांसाठी २ वर्षांचे एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, किंवा आपल्याच विषयात एमए-एमएस्सी आणि मग पीएचडी. एमपीएच झाले की मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होता येते असा समज बराच पसरलेला आहे. नुसत्या एमपीएचवर तसे होत नाही. तिथे डॉक्टर नसलेल्यांसाठी सांख्यिकी तज्ज्ञ, समाजसेवा अधीक्षक अशी मोजकीच पदे असतात. तुमची खरी जागा विद्यापीठे, सामाजिक शास्त्रांच्या संस्था आणि सार्वजनिक आरोग्याच्या संस्था यांत आहे.

सोलापुरात राहून किती शिकता येते आणि बाहेर कशासाठी जावे लागते?

डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्र, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनचा, विभाग आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात समाजशास्त्रे आणि संख्याशास्त्र शिकवले जाते. तासाभराच्या अंतरावर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल आहे. पाया घालायला एवढे पुरते. ज्यांना घर सोडणे शक्य नाही, विशेषतः मुलींनी, इथूनच एमए किंवा एमएसडब्ल्यू करून पुढे पीएचडीला बाहेरचा सहमार्गदर्शक घ्यावा. तो रस्ता चांगला आहे.

मात्र सामाजिक साथरोगशास्त्राचे, म्हणजे आजारांची सामाजिक कारणे शोधणाऱ्या शास्त्राचे, सलग प्रशिक्षण बाहेरच मिळते. मुंबईत टाटा संस्थेत याच नावाचे एमपीएच आहे. शेजारीच देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, म्हणजे आयआयपीएस, आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच संस्था करते, त्यामुळे आकड्यांची आवड असणाऱ्यांनी तिचा विचार आधी करावा. तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र, दिल्लीत जेएनयूचे सामाजिक वैद्यक व समुदाय आरोग्य केंद्र, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था यांच्याही पद्धती वेगवेगळ्या आहेत. जेएनयूत राजकीय अर्थशास्त्र आणि इतिहासावर भर, चेन्नईत साथीचा तपास आणि आरोग्यव्यवस्थेवर. प्रवेशपरीक्षा बदलत राहतात, म्हणून जाहिरात निघाली की संस्थेच्या संकेतस्थळावरची मूळ माहितीपुस्तिकाच वाचा.

पीएचडीचा प्रवेश, कालावधी आणि पैसा यांचे गणित काय?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षे, आणि किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क. जून २०२४ पासून नेटचे, म्हणजे यूजीसीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, गुण पीएचडी प्रवेशालाही धरले जातात. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) नसेल तर ते एकच वर्ष चालतात आणि निवडीत त्यांना ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन असते. नेटमध्ये ‘सामाजिक वैद्यक व समुदाय आरोग्य’ आणि ‘लोकसंख्या अभ्यास’ असे स्वतंत्र विषय आहेत, हे अनेकांना ठाऊकच नसते. समाजशास्त्र किंवा समाजकार्यातून आलेल्यांनी आपलाच विषय ठेवणे बरे, कारण पुढे सहायक प्राध्यापकाच्या जाहिराती बहुतेक त्याच विषयांच्या निघतात.

जेआरएफ मिळाली तर पहिली २ वर्षे महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे. ती हुकली तर बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या प्रवर्गासाठी आहेत. त्यांच्या जाहिराती अनियमित निघतात आणि पैसे उशिरा येतात. पहिल्या वर्षाचा घरखर्च आणि क्षेत्रकामाचा प्रवास या पैशांवर टांगून ठेवू नका. कागदपत्रांत जातवैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर हीच दोन सर्वाधिक अडतात. पदव्युत्तरच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या मागे लागा.

मार्गदर्शक कसा निवडायचा?

नाव बघू नका, त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली ते बघा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. ज्यांच्या निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी उरली आहेत त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. मार्गदर्शकाला संख्याशास्त्र जमत नसेल तर ते जमणारा सहमार्गदर्शक पहिल्या सहा महिन्यांतच शोधा. माहिती गोळा झाल्यावर शोधलेला संख्याशास्त्रज्ञ चुकलेला नमुना दुरुस्त करून देऊ शकत नाही.

सोलापुरात अभ्यासाजोगे विषय कोणते?

इतके आहेत की निवड करणेच अवघड. जिल्ह्यात विडी आणि यंत्रमाग हे दोन मोठे जुने व्यवसाय, ऊसतोड आणि साखर कारखाने, आषाढी-कार्तिकीला लाखोंनी भरणारे पंढरपूर, आणि बार्शीत देशातली पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी. ती १९८७ मध्ये सुरू झाली. शहरातल्या नोंदणीत रुग्णालये आणि प्रयोगशाळांतून नावे मिळतात. खेड्यात अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून बार्शीच्या नोंदणीचे कर्मचारी गावोगावी फिरून लोकांना भेटत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीला आणत. त्यातून नोंद तर झालीच, पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदानही लवकरच्या टप्प्यात होऊ लागले. मोजण्याची पद्धत बदलली की काय काय बदलते, याचे एवढे जवळचे उदाहरण दुसरे नाही.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. दवाखान्याच्या रजिस्टरवरून हा आकडा कधीच निघाला नसता.

विषय ठरवताना स्वतःला एक प्रश्न विचारा: तुलना कोणाची कोणाशी? ‘विडी कामगारांमधील रक्तक्षयाचे प्रमाण’ हा विषमतेचा अभ्यास नव्हे, कारण दुसरी बाजूच नाही. त्याच पेठेतल्या, त्याच वयाच्या, पण विडी न वळणाऱ्या बायका घेतल्या की तो विषमतेचा अभ्यास होतो. घरी वळणारी आणि कारखान्यात बसून वळणारी, ओळखपत्र व भविष्य निर्वाह निधी असलेली आणि नसलेली, अशी तुलना त्याहून चांगली, कारण मग धोरणाला हात घालता येतो.

घर हाही असाच विषय. कुंभारीत कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगारांची वसाहत आहे, आणि तिथेच रे नगरची १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. पत्र्याच्या खोलीतून पक्क्या घरात गेल्यावर मुलांचा खोकला, बायकांची झोप, दवाखान्याचे अंतर, रोजच्या कामाला जाण्याचा खर्च यांचे काय झाले, हे बघायला असा नैसर्गिक प्रयोग क्वचित मिळतो. इथे एक खाचखळगा आहे. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येते. राहणारा माणूस शहरात काम करतो पण कागदावर ग्रामीण ठरतो. शहरी-ग्रामीण असा रकाना डोळे झाकून वापरलात तर निष्कर्ष उलटाही येऊ शकतो.

नमुना किती घ्यायचा? सगळे ३८४ म्हणतात.

आणि म्हणूनच इतके प्रबंध कमकुवत निघतात. ३८४ कुठून येतात ते बघा: १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. म्हणजे एका गटातले एक प्रमाण ५ टक्क्यांच्या मागेपुढे सांगायचे असेल, आणि माणसे साध्या यादृच्छिक पद्धतीने निवडली असतील, तरच हा आकडा चालतो. तुम्ही दोन गट तोलता आहात, आणि माणसे वस्त्यांच्या समूहांतून घेता आहात.

दोन गटांत ४० आणि ३० टक्के असा फरक ८० टक्के शक्यतेने पकडायचा तर प्रत्येक गटात साधारण ३५५ माणसे लागतात. फरक ४० आणि ३५ चा असेल तर प्रत्येकी जवळपास १,४७०. विषमता बहुतेक वेळा या दुसऱ्या मापाची असते. मग लहान नमुन्यावर ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ असे लिहिले जाते आणि ते ‘फरक नाही’ असे वाचले जाते. अन्याय असूनही तो नाही असे छापून आले, तर त्याचे नुकसान ज्यांची माहिती आपण घेतली त्यांनाच सोसावे लागते.

समूहांचा हिशेब वेगळा. एका वस्तीतली माणसे एकमेकांसारखी असतात, त्यामुळे २२ घरांतून २२ घरांइतकी माहिती मिळत नाही. नमुना किती पटीने वाढवायचा त्याचे सूत्र असे: समूहातल्या माणसांच्या संख्येतून १ वजा करा, त्याला अंतर्गत साम्याच्या गुणांकाने (एका समूहातली माणसे किती सारखी, ते सांगणाऱ्या आकड्याने) गुणा आणि १ मिळवा. गुणांक ०.०२ असेल तर २२ च्या समूहासाठी १.४२ येते, ०.०५ असेल तर २.०५. डोळे मिटून १.५ धरण्याची प्रथा इथेच फसते. पाणीपुरवठ्यासारख्या बाबतीत तर एका गल्लीत सगळ्यांना एकाच दिवशी पाणी येते, गुणांक १ च्या जवळ जातो. तिथे घरे वाढवून काहीच मिळत नाही, गल्ल्या वाढवाव्या लागतात. पैसे तेवढेच असतील तर ३० वस्त्यांतून २२ घरांपेक्षा ६० वस्त्यांतून ११ घरे घ्या. प्रवास वाढेल, पण माहिती खरी मिळेल.

उत्पन्न, काम आणि जात कशी विचारायची?

सगळ्यात जास्त प्रबंध इथे बिघडतात.

घराचा सामाजिक-आर्थिक स्तर ठरवायला मेडिकल कॉलेजात शहरासाठी कुप्पुस्वामी आणि गाव-शहर दोन्हीकडे बी. जी. प्रसाद मापनश्रेणी वापरतात. कुप्पुस्वामी श्रेणी कुटुंबप्रमुखाचे शिक्षण व व्यवसाय बघते. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या ज्या घरात नवऱ्याचे काम सुटलेले आणि घर विड्यांवर चालते, तिथे प्रमुख म्हणून नाव नवऱ्याचे लागते आणि कमावणारी बाई ‘गृहिणी’ होते. तिच्या कामाचा तिच्या तब्येतीवर काय परिणाम होतो हा तुमचा प्रश्न, आणि तिचे कामच तक्त्यातून गेले. म्हणून कमावत्या प्रत्येकाची स्वतंत्र ओळ ठेवा. प्रसाद श्रेणी दरडोई उत्पन्न बघते, आणि तिचे वर्ग ग्राहक किंमत निर्देशांकावरून दर वेळी नव्याने काढावे लागतात. निर्देशांकाचा पाया २००१ वरून २०१६ वर गेला तेव्हापासून २.८८ चा जोडगुणक वापरायचा असतो. तो विसरला की वर्गांच्या मर्यादा फार खाली येतात आणि सगळे सुखवस्तू ठरतात.

‘महिन्याला किती मिळतात?’ हा प्रश्न हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईला विचारून उपयोग नाही. मागच्या आठवड्यात किती दिवस पान-तंबाखू मिळाले, किती हजार विड्या दिल्या, खराब म्हणून किती बाजूला काढल्या, हातात किती आले, असे विचारा. कामाचे तासही तसेच. विचारले तर ती फक्त वळायला बसल्याचे तास सांगते. पाने भिजवणे, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापणे, वळणे, दोरा बांधणे, तोंडे मुडपणे, कारखान्यात नेऊन देणे आणि रांगेत थांबणे, अशा पायऱ्या पाडून प्रत्येकीचा वेळ आणि कोण करते ते नोंदवा. शाळेतून आलेली मुलगी तोंडे मुडपताना दिसली तर तीही नोंद. यंत्रमागावर आठवड्याच्या पगाराने काम चालते. तिथे आठवडाच धरा, त्याचा महिना आपल्या टेबलावर करा.

मालमत्तेवरून संपत्तीचा निर्देशांक काढत असाल तर वस्तूंची यादी आधी तपासा. रे नगरसारख्या वसाहतीत ‘पक्के घर’ सगळ्यांकडे आहे. ज्या वस्तूत फरकच नाही ती निर्देशांकात काही सांगत नाही. शहर आणि खेडे यांचे निर्देशांक वेगळे काढणे बरे, नाहीतर दोन गुंठ्यांवाला शिक्षक आणि दहा एकरांवाला कोरडवाहू शेतकरी यांची विचित्र जोडी जमते.

जातीबद्दल विचारायला विद्यार्थी बिचकतात आणि मग ‘प्रवर्ग’ एवढेच विचारतात. राष्ट्रीय सर्वेक्षणात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास आणि इतर असे चार डबे असतात. महाराष्ट्रात विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग वेगळे आहेत, पण केंद्राच्या यादीत त्यातले बहुतेक इतर मागासांत जातात. सोलापुरात याचा अर्थ असा, की सेटलमेंट भागातल्या विमुक्त जातींची कुटुंबे, सांगोला-माळशिरसचे धनगर आणि पूर्व भागातले पद्मशाली एकाच डब्यात बसतात. मग सरासरी कोणाचीच नसते. जातीचे नाव विचारा, शेवटी विचारा, कशासाठी विचारतो ते सांगा, आणि उत्तर द्यायचे नसेल तर तसा पर्याय ठेवा. प्रसिद्ध करताना गट इतका लहान नको की घर ओळखू येईल.

प्रश्नावली कोणत्या भाषेत हवी?

शहरासाठी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू मिळून चार. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नडशिवाय गत्यंतर नाही. भाषांतर करणारा एक आणि उलटे भाषांतर करणारा दुसरा असावा, आणि दोघांनी मूळ मराठीशी ताडून बघावे. पूर्व भागातली तेलुगू हैदराबादच्या छापील तेलुगूपेक्षा वेगळी आहे, म्हणून तिथल्याच दहा-पंधरा जणींवर आधी चाचणी घ्या. ‘अशक्तपणा’, ‘अंगावरून जाणे’, ‘चक्कर’ हे शब्द सगळ्यांना सारखे कळतात असे धरू नका. मुलाखत घेणारी बाई असावी, त्या भाषेची असावी, पण त्याच गल्लीतली नसावी. गल्लीतलीला खरे सांगितले जात नाही.

क्षेत्रकाम कधी करावे? परवानग्या कोणाच्या?

संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत शहर कोणाला भेटत नाही. ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा मंगळवेढ्याकडे दिवसा घरे कुलूपबंद. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची आरोग्ययंत्रणा दुसरे काही हाती घेऊ शकत नाही. ऊसतोड कामगार भेटायचे तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून गाळप संपेपर्यंत फडावर आणि कोपीवर जावे लागते, आणि तेही संध्याकाळी उशिरा. मे महिन्यातल्या दुपारी तपासनीसांना फिरवणे हा त्यांच्यावरच अन्याय. उरतो तो जुलै ते डिसेंबरचा काळ, सणवार वगळून. वेळापत्रक त्यावर बेता.

गावात जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, शहरात महापालिकेचे आरोग्याधिकारी यांचे पत्र लागते. आशाताई वाट दाखवतात, पण त्यांच्याकडून मुलाखती घेऊ नका. त्यांच्या कामाबद्दलच प्रश्न असतात, आणि त्यांना मानधनही आधीच तुटपुंजे.

नैतिक समितीची मंजुरी लागतेच का? प्रश्नावलीच तर आहे.

लागते. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे प्रश्नावलीलाही लागू आहेत. समाजशास्त्र विभागाकडे स्वतःची समिती नसेल तर जवळच्या संस्थेच्या नोंदणीकृत समितीकडे जावे लागते, आणि त्यात काही महिने जाऊ शकतात. मंजुरीआधी घेतलेली एकही मुलाखत नंतर वापरता येत नाही. परदेशी पैसा किंवा भागीदार असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही संमती लागते.

अंगठा देणाऱ्या व्यक्तीसाठी त्रयस्थ साक्षीदार हवा. घरातला पुरुष त्रयस्थ नसतो, कारखान्याचा मुकादम तर नाहीच. माहितीपत्राची प्रत तिच्याच हातात द्या. हिमोग्लोबिन तपासलेत आणि ७ ग्रॅमखाली आले तर त्या दिवशी काय करायचे, कुठे पाठवायचे, गाडीभाडे कोण देणार, हे आराखड्यात लिहून ठेवा. समितीने विचारले नाही तरी लिहा.

पैसे नाहीत. तयार आकड्यांवर प्रबंध होईल का?

होईल, आणि अनेकदा तोच चांगला होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, ७०७ जिल्ह्यांतली ६,३६,६९९ घरे होती. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९०० घरे. सोलापूर जिल्ह्याचे आकडे यातून मिळतात, करमाळा किंवा मोहोळ तालुक्याचे मिळत नाहीत. तसे काढून दाखवणारे प्रबंध परीक्षकाने परत पाठवायला हवेत. भारांकन (प्रत्येक घर किती घरांच्या वतीने बोलते त्याचे वजन) न लावता काढलेली टक्केवारीही चूकच. ४५ वर्षांवरील माणसांसाठी लासी हे वार्धक्यावरचे राष्ट्रीय सर्वेक्षण, दवाखान्याच्या खर्चासाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५ वी फेरी वापरता येते.

सरकारी दवाखान्यांच्या मासिक अहवालांचा म्हणजे एचएमआयएसचा वापर जपून करा. खासगीतली नोंद तुटपुंजी असते. शिवाय सिव्हिलला धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडचे रुग्ण येतात. अंशात बाहेरचे आणि छेदात फक्त जिल्ह्याचे लोक धरले की सोलापूर उगाच आजारी दिसते.

विश्लेषणात नेहमीची चूक कोणती?

सगळे घटक एकदम प्रतिगमनात (रिग्रेशनमध्ये) घालणे. समजा भूमिहीन आणि जमीनदार घरांतल्या मुलांच्या उंचीत फरक आहे. तुम्ही आहार, आईचे शिक्षण आणि शौचालय ‘नियंत्रित’ केलेत आणि फरक गेला. फरक नाही असा त्याचा अर्थ होत नाही. जमीन नसण्याचा परिणाम याच वाटांनी मुलापर्यंत येतो, आणि त्या वाटाच तुम्ही बंद केल्यात. आधी कारणांचा आराखडा कागदावर बाणांनी काढा, कोणता घटक आधीचा, कोणता मधला ते ठरवा, मग आकडेमोड करा. आणि निष्कर्षात ‘लोकांमध्ये जागृती करावी’ लिहिण्याआधी थांबा. पाणी पाच दिवसांआड येत असेल तर हात धुण्याच्या जागृतीचा उपयोग किती?

आर हे सॉफ्टवेअर मोफत आहे, तेच शिका. माहिती भरायला कोबोटूलबॉक्स मोबाइलवर चालते आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही लिपी घेते.

गुणात्मक पद्धतीचे संशोधन कमी दर्जाचे मानतात का?

मेडिकलमध्ये अजून मानतात, आणि ते चुकीचे आहे. विड्यांचा दर कसा ठरतो, बाई दवाखान्यात का थांबत नाही, हे आकड्यांतून कळत नाही. पण ‘२० मुलाखती घेतल्या’ एवढ्याने काम होत नाही. मूळ भाषेत शब्दशः उतरवून काढा. एक तासाच्या ध्वनिमुद्रणाला पाच-सहा तास सहज लागतात, तेवढा वेळ वेळापत्रकात ठेवा.

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात आहे. आता काय करता येईल?

आयसीएमआरच्या अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा. काम दोन महिन्यांचे असते. एकच वस्ती, एकच प्रश्न, एकच तुलना ठेवा. अर्ज बहुतेक वेळा प्रश्न फार मोठा असल्यामुळेच नाकारले जातात.

शोधनिबंध कुठे छापावेत? इंग्रजी कच्चे आहे.

यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आणि पीएचडी सादर करण्याआधी निबंध छापण्याची सक्तीही २०२२ च्या नियमांत उरलेली नाही. त्यामुळे पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांकडे जाण्याचे कारणच नाही. तिथला निबंध निवड समितीत उलट नडतो. इंडियन जर्नल ऑफ कम्युनिटी मेडिसिन, इंडियन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ, आणि सामाजिक बाजू भक्कम असेल तर इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, अशी सुरुवात करा.

इंग्रजी वाचून सुधारते. रोज एक निबंध, त्यातही पद्धतीचा भाग, आणि त्याचा सार स्वतःच्या मराठीत चार ओळींत. मराठीत नीट मांडता आले तर विषय कळला. इंग्रजी सुधारून देणारा मित्र मिळतो, विषय कळवून देणारा मिळत नाही.

नोकरी मिळेल का, आणि किती पगाराची?

विद्यापीठ-महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून. पात्रता पदव्युत्तरला ५५ टक्के आणि नेट किंवा महाराष्ट्राची सेट. पण राज्यात भरती रखडलेली आहे आणि बरीच मंडळी वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. हे आधीच समजून या क्षेत्रात या. पीएचडीच्या काळातच आयसीएमआर किंवा टाटा संस्थेच्या प्रकल्पांत काम केलेले असेल तर पुढची दोन-तीन वर्षे प्रकल्पांवर निघतात, आणि ती वाया जात नाहीत. तिथेच पहिले चांगले निबंध होतात. स्वतःच्या अभ्यासासाठी आयसीएसएसआरचे (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे) लघुप्रकल्प, डॉक्टरांसाठी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे अनुदान, आणि पुढे आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिप.

अभ्यास झाला. निष्कर्ष लोकांपर्यंत कसे न्यायचे?

याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. ज्या वस्तीत गेलात तिथे त्या वस्तीचे आकडे एका पानावर, त्यांच्या भाषेत, मोठ्या अक्षरात द्या. संध्याकाळी आठनंतर बैठक घ्या, तेव्हाच लोक घरी असतात. कामगार संघटनांना स्वतंत्र प्रत द्या, कारण मजुरीच्या आणि घरांच्या बोलणीत आकडे वापरणारे तेच आहेत. महापालिकेला देताना प्रभागनिहाय तक्ता द्या. नगरसेवक पूर्ण प्रबंध वाचत नाही, आपला प्रभाग मात्र शोधतो. आणि ज्या बाईने दोन तास काम थांबवून उत्तरे दिली, तिची दोन तासांची मजुरी बुडाली आहे. तेवढी भरपाई नैतिक समितीकडून आधीच मंजूर करून घ्या आणि त्याच दिवशी तिच्या हातात द्या.